राजीनाम्यानंतरचे साहेब

राजीनाम्याचा मेल गेला की तुमच्या खांद्यावरचं ओझं उतरतं आणि साहेबांच्या कपाळावर आठी चढते. परवापर्यंत ‘तुझ्याशिवाय पान हलत नाही’ म्हणणारे साहेब (किंवा मॅडम) आज तुमच्या नमस्काराला मान हलवायलाही तयार नसतात. मीटिंगचं निमंत्रण येईनासं होतं, किंवा उलट, महिन्याभराचं काम आठवड्यात करून मागितलं जातं. आयटी कंपनीत नोटिसचा हा काळ बहुतेकदा ९० दिवसांचा असतो, बऱ्याच कारखान्यांत आणि छोट्या ऑफिसांत ३० दिवसांचा. साहेब मुळातच वाकड्यात शिरणारे असतील, तर हे दिवस संपता संपत नाहीत.

अशा वेळी आधी एक हिशेब मांडावा: साहेबांच्या हातात आता नक्की काय उरलंय? अप्रेझल, इन्क्रिमेंट, बढती ही त्यांची खरी हत्यारं. ती राजीनाम्याच्या दिवशीच बोथट झाली. उरतात फक्त चार गोष्टी. शेवटचा दिवस थोडा अलीकडे-पलीकडे करणं, हँडओव्हर मिळाल्याची सही, एचआरच्या नो ड्यूज प्रक्रियेतली त्यांची मंजुरी, आणि पुढे कुणी चौकशी केली तर तुमच्याबद्दलचे दोन शब्द. नोटिस पिरियडभर या चार गोष्टी सांभाळायच्या. साहेबांचा स्वभाव सुधारणं, जुन्या अपमानांची परतफेड करणं, ‘मी का चाललोय’ हे त्यांना पटवून देणं, ही कामं तुमच्या यादीत नाहीत.

मेल पाठवण्याआधी

नेमणूकपत्र काढून पुन्हा वाचा. नोटिस किती दिवसांची, ती पगार भरून कमी करता येते का, आणि तसं ठरवायचा अधिकार तुमचा की कंपनीचा, हे त्यात लिहिलेलं असतं. हा शेवटचा मुद्दा फार लोक वाचतच नाहीत. ‘बायआउट करतो’ असं नव्या कंपनीला सांगून बसतात आणि मग कळतं, की बायआउटला जुन्या कंपनीची संमती लागते. न भरलेल्या दिवसांची वसुली मूळ पगारावर होणार की पूर्ण पगारावर, जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का, प्रशिक्षणाचा बाँड आहे का, नोटिसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे वाढतात का, हेही बघून ठेवा. वसुलीचे पैसे नवी कंपनी देणार असेल, तर तिच्याकडून ते लेखी घ्या.

पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, इन्क्रिमेंटची पत्रं, पीएफचं पासबुक यांच्या प्रती स्वतःच्या मेलवर किंवा घरच्या संगणकावर असू द्या. राजीनाम्यानंतर ऑफिसचा लॉगिन कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. मात्र कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या, ड्रॉइंग, कोड यांना हात लावू नका. साहेबांना तुमच्याविरुद्ध खराखुरा मुद्दा हवाच असेल, तर तो असा आयता मिळतो.

तारखेचाही विचार करा. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते आणि नोटिसचे दिवस नोकरीतच धरले जातात. पाच वर्षं भरायला महिना-दोन महिने उरले असतील, तर साहेबांचा राग सोसून राजीनामा पुढे ढकलणं फायद्याचं ठरतं. वार्षिक बोनस मिळायला तो देण्याच्या तारखेला नोकरीत असावं लागतं का, की नोटिसमध्ये असलेल्यालाही तो नाकारतात, हे पॉलिसीत बघा.

सांगायचं कसं

आधी तोंडी, मग लगेच लेखी. साहेबांना ही बातमी कँटीनमधून कळली तर पुढच्या साऱ्या कुरबुरींचं मूळ तिथेच रुजतं. दहा मिनिटं वेळ मागा आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘सर, मी राजीनामा द्यायचं ठरवलंय. आज मेल करतोय. नोटिसप्रमाणे माझा शेवटचा दिवस अमुक तारखेला येतो. तोवर सगळं काम नीट सोपवून देईन.’ एवढं पुरे. कुठे चाललात, किती पगार मिळणार, हे सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘सर, तिकडचं सगळं पक्कं झालं की सांगतो’ हे उत्तर विनयाचंही आहे आणि पुरेसंही.

मेल साहेब आणि एचआर दोघांनाही एकाच वेळी जाऊ द्या. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: राजीनामा देतोय, आजची तारीख, नोटिस मोजून येणारा शेवटचा दिवस. कारण लिहायचंच तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ किंवा ‘पुढील संधीसाठी’. तक्रारींचा पाढा या मेलमध्ये नको. हा कागद वर्षानुवर्षं तुमच्या फायलीत राहतो. राजीनामा कंपनीच्या पोर्टलवर टाकला असेल, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एचआर नसलेल्या ठिकाणी, म्हणजे सीएचं ऑफिस, दवाखाना, क्लास, दुकान, छोटं वर्कशॉप अशा जागी, राजीनामा कागदावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मालक पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ‘मी राजीनामा स्वीकारलेलाच नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी हमखास ऐकू येतं. २०१८ साली एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. सेवाशर्तींत तसं बंधन नसेल आणि शिस्तभंगाची चौकशी चालू नसेल, तर त्याला इच्छेविरुद्ध नोकरीत अडकवून ठेवता येत नाही. म्हणून तुमचा कागद कोणत्या तारखेला पोचला, याचा पुरावा महत्त्वाचा. सरकारी नोकरीत मात्र राजीनाम्याचे सेवानियम वेगळे असतात, ते आधी बघावेत.

साहेब बोलेनासे झाले तर

ग्रुपमधून काढलं, मीटिंगला बोलावलं नाही, मेलला उत्तर नाही. हे मनाला लागतं, पण यात तुमचं नुकसान फारसं नाही. धोका एकच असतो. शेवटच्या आठवड्यात साहेब म्हणतात, ‘याने काहीच सोपवलं नाही, सोडता येणार नाही.’ त्यावरचा उपाय म्हणजे दर शुक्रवारी साहेबांना पाच ओळींचा मेल. या आठवड्यात काय संपवलं, काय उरलं, कोणाला काय समजावून दिलं, आणि ‘माझं काम कोण घेणार हे कृपया कळवावं’. उत्तर आलं नाही तरी मेल चालू ठेवा. दोन मेल अनुत्तरित राहिले, की तिसऱ्यात एचआरला प्रतीत घ्या. सूर तक्रारीचा नको, माहितीचा असू द्या.

कामाचा डोंगर टाकला तर

‘जाण्याआधी हे तीन प्रोजेक्ट पुरे कर’ असं म्हणणारे साहेब बहुतेकदा स्वतः घाबरलेले असतात. तुमच्या जागी माणूस मिळालेला नसतो आणि वरून विचारणा सुरू झालेली असते. सरळ नकार देऊ नका आणि रात्री जागून सगळं उपसूही नका. निवड त्यांच्याकडेच सोपवा. ‘सर, माझे १८ कामाचे दिवस उरलेत. ए पूर्ण करून बी अर्ध्यापर्यंत नेता येईल, किंवा तिन्ही बाजूला ठेवून हँडओव्हर पूर्ण करता येईल. आपण सांगाल तो क्रम लावतो.’ बोलणं झालं की तेच दोन ओळींत मेलवर टाका. प्राधान्य त्यांनी ठरवलं, हे नोंदलं गेलं की मागून खापर फुटत नाही.

नियमित वेळेत मन लावून काम करा. नोटिसमध्ये रेंगाळणं, रोज उशिरा येणं, खोटी आजारपणं काढणं, याने साहेबांना धडा वगैरे मिळत नाही. काम शेजारच्या टेबलावर जातं आणि तिथला माणूस ते लक्षात ठेवतो.

गळ घातली तर

काही साहेब रागावत नाहीत, गहिवरतात. ‘तुला मी घडवलं’, ‘घरच्यासारखा होतास’, ‘माझी मुलगी लग्नाला आली आहे, निदान तोवर थांब.’ मालकाच्या घरात तुमचं जाणं-येणं असेल, तर हे टाळणं रागापेक्षाही अवघड असतं. उपकार मोकळ्या मनाने मान्य करा. ‘काका, इथे खूप शिकलो, ते विसरणार नाही. पण तारीख ठरली आहे.’ कारणांच्या वादात शिरू नका, कारण तुम्ही दिलेल्या प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा असतो.

जास्त पगाराची ऑफर आली तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: मी पगारासाठी चाललो होतो का? साहेबांच्या वागण्याला कंटाळून निघाला असाल, तर वाढलेल्या पगारातही साहेब तेच राहणार. थांबायचं ठरवलंच, तर सुधारित पगाराचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा मागे घेऊ नका, आणि तो मागेही लेखीच घ्या. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने दिलेला राजीनामा मागे घेतला, पण महामंडळाने तो मंजूर झाल्याचं म्हटलं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल २०२४ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. राजीनामा त्याने २०१३ साली दिला होता. हक्क असला तरी तो मिळायला किती वर्षं जातात, हे यावरून समजावं.

धमकी दिली तर

‘रिलीव्हिंग लेटर देणार नाही’, ‘ॲब्स्कॉन्डिंग दाखवेन’, ‘इंडस्ट्रीत कुठे काम करतोस बघतो’, ‘केस टाकतो’. ऐकून घाम फुटतो, म्हणून कायदा थोडक्यात माहीत हवा.

एक, कोर्ट कोणालाही त्याच्या मनाविरुद्ध नोकरी करायला लावत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमानुसार वैयक्तिक सेवेचा करार असा सक्तीने अमलात आणता येत नाही. कंपनी फार तर करारातली नोटिसची रक्कम किंवा भरपाई मागू शकते.

दोन, ‘सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही’ या अटीला भारतात सहसा फारसा आधार नसतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार माणसाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. पण हे नोकरी संपल्यानंतरचं. करार चालू असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नोटिसमध्ये तुम्ही अजून जुन्याच कंपनीचे नोकर असता. त्या काळात नव्या कंपनीचं काम सुरू करणं, जुन्या ग्राहकांना तिकडे वळवणं, हे अंगाशी येतं. आणि गोपनीय माहिती जपण्याचं बंधन नोकरी सुटल्यावरही संपत नाही.

तीन, बाँड म्हणजे नुसता कागद, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. तुमच्या बाँडची रक्कम मोठी असेल, तर राजीनाम्याच्या आधी वकिलाला दाखवा.

धमकी तोंडी असेल, तर त्याच दिवशी शांत शब्दांत मेल करा: ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यात आपण रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही असं म्हणालात. मी नोटिस पूर्ण करत आहे. त्यासाठी माझ्याकडून आणखी काही अपेक्षित असल्यास कळवावं.’ धमकी कागदावर उतरली की बहुतेक साहेब दोन पावलं मागे येतात. चारचौघांत आरडाओरडा झाला, तर तिथे उत्तर देऊ नका. ‘सर, यावर आपण स्वतंत्र बोलू’ म्हणून विषय थांबवा. शिवीगाळ झाली तर तारीख, वेळ, हजर असलेली माणसं लिहून ठेवा आणि साहेबांच्या वरच्या अधिकाऱ्याला व एचआरला कळवा. लैंगिक छळाचा प्रकार असेल, तर महिला कर्मचाऱ्याला २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. राजीनामा दिला म्हणून तो मार्ग बंद होत नाही.

या भीतीतून केली जाणारी सर्वांत महाग चूक म्हणजे एके दिवशी जाणंच बंद करणं. ‘न सांगता निघून गेला’ असा शेरा पडला, की नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तो वर येतो आणि साहेबांची पोकळ धमकी तुम्हीच खरी करून देता. अगदीच सहन होत नसेल, तर एचआरकडे लवकर मुक्त करण्याची लेखी विनंती करा, उरलेल्या दिवसांचे पैसे भरायची तयारी दाखवा, किंवा नोटिस दुसऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली पूर्ण करू द्यावी असं सुचवा.

चार्ज नीट द्या

बँकेतली जुनी माणसं आजही ‘चार्ज देणं’ म्हणतात, आणि चार्ज लिस्टवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तिजोरीची किल्ली हातातून सुटत नाही. ही शिस्त कुठल्याही ऑफिसला लागू आहे. पहिल्याच आठवड्यात एक यादी करा: चालू कामं आणि त्यांची स्थिती, पुढच्या महिन्यातल्या ठरलेल्या तारखा, फायली कुठे आहेत, कोणत्या व्हेंडरशी काय बोलणं झालंय, कुठलं बिल अडकलंय, कोणत्या ग्राहकाला काय कबूल केलंय. चाकणच्या कारखान्यात असाल तर मशीनच्या दुरुस्त्या, टूलिंग, बाहेर दिलेला माल, गेटपास हे त्यात आलं. पासवर्ड मेलमध्ये लिहू नका. कंपनीची ठरलेली पद्धत वापरा.

काम घेणाऱ्याला समजावून द्या आणि ‘मिळालं, समजलं’ असा त्याचा मेल घ्या. साहेबांनी कुणालाच नेमलं नसेल, तर दस्तऐवज तयार करून साहेब आणि एचआरला पाठवा. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड, चाव्या परत करताना पावती किंवा मेल घ्या. मूळ प्रमाणपत्रं मालकाकडे ठेवलेली असतील, तर ती शेवटच्या दिवसाची वाट न बघता लेखी मागा.

पैसे आणि कागद

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवं. अनेक कंपन्यांत फुल अँड फायनलला ४५ दिवस लावायची सवय आहे. विचारताना या तरतुदीचा उल्लेख जरूर करा.

ग्रॅच्युइटीचं ढोबळ गणित सोपं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं, भागिले २६. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये असतील आणि सहा वर्षं झाली असतील, तर सुमारे १ लाख ३८ हजार रुपये होतात. अर्ज लेखी द्या. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती मिळायला हवी. साहेब नाराज आहेत म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही.

पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकायची असते. तिने ती टाकली नाही, तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ईपीएफओच्या पोर्टलवर ती नोंदवू शकता. रक्कम काढण्यापेक्षा त्याच यूएएनवर नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढली तर कर लागू शकतो. नव्या कंपनीला या वर्षीच्या जुन्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती द्या, नाहीतर रिटर्न भरताना कराची मोठी रक्कम एकदम भरावी लागू शकते. कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा असेल, तर नोकरी सोडण्याआधीच अर्ज करा. घरात आजारी आईवडील असतील तर हे काम सर्वांत आधी.

रिलीव्हिंग लेटर किंवा पैसे अडकले, तर आधी एचआरला, मग कंपनीच्या वरिष्ठांना लेखी स्मरणपत्र, आणि तरीही हालचाल नसेल तर सहाय्यक कामगार आयुक्तांचं कार्यालय. पीएफची तक्रार ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर. प्रत्येक टप्प्यावर तुमचे शुक्रवारचे मेल आणि चार्जची यादी कामाला येतात.

जाताना

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये साहेबांबद्दल विचारतील. बोलायचं असेल तर स्वभावाबद्दल नको, घटनेबद्दल बोला. ‘साहेब हुकूमशहा आहेत’ यातून एचआरला काही करता येत नाही. ‘टीमला साप्ताहिक सुटीला वारंवार बोलावलं जातं’ यातून कदाचित येईल. निरोपाचा मेल छोटा आणि गोड ठेवा, समाजमाध्यमांवर टोमणे नकोत. एकाच क्षेत्रातली माणसं हिंजवडीतून खराडीत, चाकणहून रांजणगावला फिरत असतात. आजचे साहेब उद्या तुमच्या नव्या कंपनीत मुलाखत घ्यायला बसलेले असू शकतात.

शेवटच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जा, हात मिळवा, दोन वाक्यांत आभार माना आणि निघा. त्यांनी मान वर केली नाही, तरी तुमचं काम पूर्ण झालेलं असतं. नोटिस पूर्ण, चार्ज दिलेला, कागद हातात आणि हिशेब चुकता, एवढं जमलं की साहेबांशी असलेला तुमचा व्यवहार संपला. त्याहून जास्त काही त्यांच्याकडून मिळवायचा प्रयत्न करू नका.